११ ओळींचा कोड गायब झाला आणि जगभरातल्या डेव्हलपर्सचं काम अडलं: 'डिपेंडन्सी' म्हणजे नेमकं काय?

२२ मार्च २०१६. जगभरातल्या वेब डेव्हलपर्सच्या स्क्रीनवर एकच एरर दिसू लागला: 'लेफ्ट-पॅड' नावाचं पॅकेज सापडत नाही. गंमत म्हणजे, यातल्या अनेकांनी हे पॅकेज स्वतःहून कधी घेतलंच नव्हतं.

लेफ्ट-पॅड होतं जेमतेम ११ ओळींचं. एखादा शब्द किंवा आकडा ठरावीक लांबीचा व्हावा म्हणून त्याच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. त्याच्या लेखकाचा दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून 'किक' या मेसेजिंग कंपनीशी वाद झाला. 'एनपीएम' या पॅकेजच्या कोठारानं ते नाव कंपनीला देऊन टाकलं. चिडलेल्या लेखकानं आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस तिथून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅडही गेलं.

सुरू असलेल्या वेबसाइट्स बंद पडल्या नाहीत. पण 'बेबेल'सारखं लोकप्रिय टूल लेफ्ट-पॅडवर अवलंबून होतं आणि बेबेलवर असंख्य प्रोजेक्ट. ते बिल्डच होईनात. शेवटी काही तासांत एनपीएमनं ते पॅकेज परत आणलं आणि पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले.

बिल्ड टूल आणि डिपेंडन्सी म्हणजे काय?

डेव्हलपरनं लिहिलेल्या कोडपासून वापरता येईल असं ॲप तयार करण्याच्या प्रक्रियेला 'बिल्ड' म्हणतात. ते करणारी टूल्स प्रत्येक भाषेत वेगळी असतात. जावा आणि अँड्रॉइडसाठी मेव्हन किंवा ग्रेडल, रस्टसाठी कार्गो. जावास्क्रिप्टच्या जगात एनपीएमवरून पॅकेजेस आणली जातात.

तारीख दाखवणं, फोटो लहान करणं, पासवर्ड सुरक्षित ठेवणं यासाठी प्रत्येक जण नव्यानं कोड लिहीत बसत नाही. इतरांनी लिहून मोफत दिलेला कोड वापरतो. हीच डिपेंडन्सी. पण त्या कोडच्याही स्वतःच्या डिपेंडन्सी असतात, त्यांच्याही आणखी. तुम्ही १० पॅकेजेस मागवता आणि फोल्डरमध्ये शेकडो येऊन पडतात.

गडबड कुठे होते?

वाण्याला दिलेली यादी आणि घरी आलेलं बिल यात फरक असतो. यादीत आपण फक्त 'तेल १ लिटर' लिहितो. कोणत्या कंपनीचं, कोणत्या बॅचचं, हे माल आल्यावरच कळतं.

इथेही तसंच आहे. एनपीएमच्या यादीत साधारणपणे व्हर्जनच्या आकड्याआधी एक टोपीसारखी खूण असते. १.२.३ च्या आधी ती असेल, तर अर्थ होतो: १.२.३ किंवा त्यानंतरचं, पण २.०.० च्या आधीचं काहीही चालेल. म्हणजे काल टेस्ट केलेला कोड आणि आज डाउनलोड झालेला कोड वेगळा असू शकतो.

याचा फायदा चोर घेतात. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या पॅकेजच्या मूळ लेखकाला ते सांभाळण्यात रस उरला नव्हता. मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाकडे त्यानं ते सोपवलं. त्या माणसानं त्यात नवी डिपेंडन्सी घातली आणि तिच्यातून 'कोपे' या वॉलेटमधले बिटकॉइन चोरणारा कोड आला. ८ सप्टेंबर २०२५ ला 'चॉक' आणि 'डीबग'सह १८ पॅकेजेसमध्ये घातक कोड घुसवला गेला. कारण काय, तर ती सांभाळणारा डेव्हलपर एनपीएमच्या नावानं आलेल्या खोट्या ईमेलला फसला.

मग अपडेट करायचंच नाही का?

तसंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या 'लॉगफोरजे' या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली. तिथे जुनं व्हर्जन ठेवणं हाच धोका होता. आणि अनेक कंपन्यांची खरी पंचाईत वेगळीच होती. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ही लायब्ररी आहे की नाही, हेच त्यांना पटकन सांगता येत नव्हतं.

म्हणून अपडेट करायचं, पण आपण ठरवून. आपोआप होऊ द्यायचं नाही.

त्यासाठी काय करतात?

• लॉकफाइल जपतात. हे वर म्हटलेलं बिल. प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन आणि त्याचा हॅश, म्हणजे बोटांच्या ठशासारखी ओळख, यात असते. ही फाइल कोडसोबतच साठवतात. बिल्ड करताना 'एनपीएम सीआय' ही कमांड वापरली, तर या फाइलमधलंच व्हर्जन येतं.

• हॅश तपासतात. त्याच व्हर्जनच्या नावाखाली कोणी माल बदलला, तर हॅश जुळत नाही आणि बिल्ड थांबतं. ग्रेडलमध्येही अशी पडताळणी सुरू करता येते.

• थोडं थांबतात. नवं व्हर्जन आल्या आल्या घेत नाहीत. सप्टेंबर २०२५ ची भेसळ साधारण दोन तासांतच उघडकीस आली होती. एक-दोन दिवस थांबणारे वाचले.

• घटकांची यादी ठेवतात. बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी सॉफ्टवेअरची घटकसूची. तिला 'एसबॉम' म्हणतात. भारतात सर्ट-इननं २०२४ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

• नको ते काढतात. दोन ओळींत होणाऱ्या कामासाठी पॅकेज कशाला?

एवढं केलं की झालं?

नाही. २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लिनक्सवरच्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. घातक भाग टेस्टच्या फाइल्समध्ये लपवला होता आणि तो बिल्ड करताना जोडणारी स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या फाइलमध्ये होती. हे करणाऱ्यानं दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून विश्वास मिळवला होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ ला प्रकरण बाहेर आलं.

तोवर एक्सझेड प्रामुख्यानं एकच माणूस, तोही फावल्या वेळात, सांभाळत होता. इव्हेंट-स्ट्रीमचीही तीच गोष्ट. लॉकफाइलमध्ये व्हर्जन दिसतं, हॅश दिसतो, पण थकलेला माणूस दिसत नाही. म्हणून ज्या पॅकेजवर आपलं ॲप उभं आहे ते कोण सांभाळतं, किती जण सांभाळतात, हे पाहणंही याच कामाचा भाग आहे.

तुमचा कॉलेजचा प्रोजेक्ट लॅपटॉपवर असेल, तर आज त्याची लॉकफाइल उघडून बघा. तुम्ही किती पॅकेजेस मागवली होती आणि आली किती, ते मोजा.