जीर्णोद्धार एका निळ्या गाडीचा



फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं दिएप हे बंदर दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात एका फसलेल्या हल्ल्यासाठी ओळखलं जातं. 19 ऑगस्ट 1942 ला दोस्त राष्ट्रांचे सुमारे सहा हजार सैनिक तिथे उतरले, त्यात बहुतेक कॅनडाचे होते, आणि काही तासांतच मोठी हानी सोसून त्यांना माघार घ्यावी लागली. पण याच गावाची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला आजच्या काळातल्या एका वादापर्यंत घेऊन गेली. म्हणून हा लेख.

दिएपमध्ये 1922 साली झाँ रेदेले नावाच्या माणसाचा जन्म झाला. वडिलांचा रेनॉ गाड्यांचा व्यवसाय. युद्धानंतर तो मुलाने हाती घेतला. त्या काळी रेनॉची 4 सीव्ही ही साध्या कुटुंबांची छोटी, स्वस्त गाडी होती, इंजिन मागच्या बाजूला. रेदेले ही गाडी विकायचा आणि तिच्यावरच शर्यतीही खेळायचा. मूळ गिअरबॉक्स तीनच गिअरचा. आल्प्सच्या घाटांत तो अपुरा पडे, म्हणून त्याने पाच गिअरचा बसवला. पुढे हलकं, बसकं शरीर चढवलं. आल्प्सच्या वळणांवर गाडी चालवण्याचा आनंद त्याला इतका भावला, की 1955 मध्ये कंपनी काढली तेव्हा तिचं नावच ‘आल्पिन’ ठेवलं.

1962 मध्ये आली तिची सर्वांत गाजलेली गाडी, ए 110. आकार मूळचा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींच्या आधीच्या रेखाटनावरचा. इंजिन, ब्रेक, गिअर हे सगळं त्याच वर्षी आलेल्या रेनॉ 8 या घरगुती गाडीचं. उंची जेमतेम 1.13 मीटर, म्हणजे चौथीतल्या मुलाच्या खांद्याच्या थोडं वर! मधून पाठीच्या कण्यासारखी जाणारी पोलादी चासी आणि वर फायबरग्लासचं कवच. पत्रा दाबायचे प्रचंड साचे लहान कंपनीला परवडत नाहीत. काचतंतूंचे थर राळेत बुडवून साच्यात हाताने बसवता येतात, म्हणून हा मार्ग. 1973 च्या जानेवारीत मॉन्टे कार्लो रॅलीत पहिले तीनही क्रमांक या गाड्यांनी पटकावले, आणि त्याच वर्षी सुरू झालेलं जागतिक रॅली अजिंक्यपदही आल्पिननेच जिंकलं. त्याच वर्षी तेलसंकटही आलं आणि कंपनीचा ताबा रेनॉकडे गेला. ए 110 चं उत्पादन 1977 मध्ये थांबलं. 1995 मध्ये आल्पिन हे नावही बंद पडलं, ते थेट 2017 मध्ये नव्या गाडीवर परत आलं. रेदेले मात्र 2007 मध्येच गेले.

मधल्या बावीस वर्षांत या जुन्या गाड्या कुणी जगवल्या? बऱ्याच अंशी घरामागच्या गॅरेजात काम करणाऱ्या हौशी माणसांनी. ते काम काय असतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

फायबरग्लास गंजत नाही, म्हणून बाहेरून गाडी ठणठणीत दिसते. पण आतली चासी पोलादी आहे आणि कवच तिला जागोजागी चिकटवलेलं आहे. त्या सांध्यांत ओल साठते आणि गंज आतून खात जातो. म्हणजे आधी कवच सोडवायचं, कुजलेला भाग कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, आणि हे करताना चासीचं माप जराही हलू द्यायचं नाही. माप चुकलं तर चाकं वेडीवाकडी बसतात. जुना रंग काढायला तीव्र रसायन वापरलं तर राळच खराब होते, म्हणून पॉलिश पेपरने तासन् तास हाताने घासायचं. काचेची धूळ अंगाला खाजते, तोंडाला मास्क हवाच. वरच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतात. त्यांवर नुसता रंग मारला तर काही महिन्यांत त्या पुन्हा वर येतात. मुळापर्यंत घासून नवे थर द्यावे लागतात. आपल्या म्हाताऱ्या भिंतींसारखंच की हो हे!

आता वादाचा मुद्दा. गाडी जशी होती तशीच करायची, की सुधारायची?

काही सुधारणा टाळताच येत नाहीत. युरोपियन संघात 2000 पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्या शिशावर ज्या जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका टिकायच्या, त्यांना कठीण धातूच्या बैठका तरी बसवाव्या लागतात किंवा इंधनात काही मिसळावं लागतं. फ्रान्समध्ये 2009 पासून दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं. जुन्या रबरी नळ्या ते हळूहळू खराब करतं, आणि मागे तापलेलं इंजिन असताना गळकी नळी म्हणजे आगीला आमंत्रण. (आपल्याकडेही 2025 मध्ये वीस टक्के इथेनॉलवरून जुन्या गाड्यांचे मालक धास्तावले होते, ते आठवत असेल.) या नळ्या बदलल्या तर कुणी आक्षेप घेणार नाही. पण डायनॅमोऐवजी अल्टरनेटर? इलेक्ट्रॉनिक इग्निशन? आणि पुढे जाऊन मूळचं इंजिन काढून दुप्पट ताकदीचं दुसरंच बसवलं तर?

फ्रान्सच्या कायद्याला यावर मत आहे. ‘संग्रहातली गाडी’ म्हणून नोंद हवी असेल तर ती किमान तीस वर्षांची असावी लागते, तिचं उत्पादन बंद झालेलं असावं लागतं आणि तिच्या मूळ तांत्रिक गुणांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. हा नियम मला पटतो. तरीही एक पेच उरतोच. रेदेलेने स्वतः काय केलं होतं? दुसऱ्याची साधी गाडी घेऊन तिचा गिअरबॉक्स बदलला, शरीर बदललं. ही गाडी सुधारणेतूनच जन्मली. मग तिच्यात बदल करणारा तिच्या परंपरेत बसतो की तिच्या विरुद्ध जातो?

मराठीत आपण जीर्णोद्धार म्हणतो, आणि जतनही म्हणतो. हे दोन वेगळे शब्द आहेत. जीर्णोद्धारात देऊळ पुन्हा नांदतं करायचं असतं, त्यासाठी दगड बदलला तरी चालतो. जतनात तोच दगड महत्त्वाचा. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला दोन्ही लागतात, म्हणून प्रश्न अवघड होतो.

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये संमत केलेल्या ट्यूरिनच्या सनदेत यावर एक शहाणा मार्ग आहे. बदल शक्यतो असा करा की तो पुन्हा उलटवता येईल, आणि जे केलं त्याची नोंद ठेवा. इतिहास शिकवणाऱ्याला यापेक्षा काय हवं? रेदेलेने केलं ते त्याच्या काळी धंद्यात आणि शर्यतीत नवं घडवणं होतं. आज काहीच गाड्या उरल्या असताना त्यांतली एक कापणं म्हणजे एक मूळ कागद खोडणं. इंजिन बदलायचंच असेल तर चासीवर करवत चालवू नये, काढलेलं इंजिन चिठ्ठी लावून कोपऱ्यात ठेवावं, आणि कधी, काय, का बदललं हे वहीत लिहावं. पन्नास वर्षांनी ती गाडी ज्याच्या हाती येईल, त्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेता आला पाहिजे.

असो. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंचं तुम्ही काय करता, जतन की जीर्णोद्धार? जरूर कळवा.