'लूट' या इंग्रजी क्रियापदाविषयीं

हिवाळा आला कीं भिगवणच्या जलाशयावर रोहित पक्षी उतरतात, आणि पाहुण्यांनीं पक्षिदर्शनाचा आनंद लुटल्याचें वर्तमानपत्रांत छापून येतें. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, तेव्हांपासून अडलेल्या भीमेनें हा देखावा घडविला. पण या साध्या वाक्याचें इंग्रजी करूं पाहणारा विद्यार्थी फसतो. 'लूट' हें क्रियापद इंग्रजांनीं आमच्याच देशांतून नेलें असलें, तरी त्यानें आनंद लुटतां येत नाहीं. नेतांना त्यांनीं शब्दाचा एकच अर्थ नेला.

मूळ धातु संस्कृत 'लुण्ट्' अथवा 'लुण्ठ्'. हिंदींतून तो इंग्रजांच्या कानीं पडला. अठराव्या शतकांतील त्यांच्या लेखनांत मुलूख मारीत फिरणाऱ्या स्वारांस 'लूटी' म्हटलेलें आढळतें. चीनचें १८४१ चें युद्ध, क्रिमियाचें युद्ध व १८५७ चा उठाव या काळांत हा शब्द विलायतेंतही हळूहळू रुळला, असें यूल व बर्नेल यांनीं १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशांत नमूद केलें आहे.

इंदापूर-बारामतीच्या रयतेस त्याचा अर्थ कोशांत पाहण्याची गरज नव्हती. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांच्या फौजेनें बारामतीजवळ पेशव्यांच्या सैन्याचा मोड केला. फौजांच्या त्या धामधुमीमागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला. त्या वेळीं जें झालें ती लूटच; आपल्या माणसांनीं केली म्हणून तिला दुसरें नांव देण्यांत अर्थ नाहीं. परंतु पुणें ताब्यांत आल्यावर १८१८ सालीं इंग्रजांनीं नारो गोविंद औटी यांचा खजिना उचलला, त्यास 'प्राइझ', म्हणजे युद्धांतील हक्काची प्राप्ति, असें सभ्य नांव मिळालें! औटींच्या पश्चात् त्यांच्या मिळकतीच्या व्यवस्थापकांनीं फिर्याद केली. मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें निकाल त्यांच्या बाजूनें दिला; १८३० सालीं प्रिव्ही कौन्सिलानें तो फिरविला. युद्धांतील जप्तीचा न्याय दिवाणी कोर्टानें करावयाचा नाहीं, हा त्याचा आशय. पुढें १८६० सालीं पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला गेला, तेव्हां मात्र इंग्रजांनींच आपल्या कृत्यास 'लूट' म्हटलें, हेंही सांगितलें पाहिजे.

आतां प्रयोगाविषयीं. मराठींत गांव लुटतां येतें, पैसा लुटतां येतो, माणूसही लुटतां येतो. इंग्रजी 'लूट'चें कर्म बहुधा शहर, दुकान किंवा तेथील माल. एकट्या वाटसरूस अडवून लुबाडलें तर 'रॉब' हें क्रियापद हवें. 'रॉब'चें कर्म मालक, 'स्टील'चें कर्म वस्तु. मालकास 'रॉब' करावयाचें आणि त्याचें घड्याळ 'स्टील' करावयाचें. आमचे पदवीधरही येथें घसरतात. शिवाय 'लूट'च्या मागें युद्ध, दंगा वा भूकंप अशी कांहींतरी अंदाधुंदी असावी लागते. रात्रीं गुपचूप कुलूप फोडणाऱ्या चोरास तें क्रियापद शोभत नाहीं.

दसऱ्याचें सोनें तर या इंग्रजी शब्दांत मावतच नाहीं. आपट्याचीं पानें आपण लुटतों तीं दुसऱ्याच्या हातीं देण्यासाठीं. हें परक्यास समजावून सांगावयाचें तर एक वाक्य पुरत नाहीं, सगळा सणच सांगावा लागतो. भिगवणच्या पक्ष्यांसाठीं मात्र विद्यार्थ्यानें 'एन्जॉय' हें क्रियापद घ्यावें, आणि त्याचें कर्म लिहावयास विसरूं नये.