जिवंत हमिंगबर्ड आणि साखरपाण्याची बाटली

आजचा एपिसोड एका जुन्या भांडणापासून सुरू करतो. आपल्या इनबॉक्समध्ये अधूनमधून एक ठरावीक व्हिडिओ येतो. बाल्कनीतली जास्वंद, तिच्यावर इवलासा निळा-जांभळा चमकणारा पक्षी, बाकदार चोच, आणि खाली मेसेज: "दादा, आमच्या डोंबिवलीत हमिंगबर्ड आलाय!"

नाही आला रे. तो शिंजीर आहे. सुंदर आहे, मधही पितो, पण हमिंगबर्डच्या नात्यातला नाही. हमिंगबर्ड, म्हणजे गुंजन पक्षी, आज फक्त अमेरिका खंडांत राहतात. वर अलास्कापासून खाली पार टिएरा देल फ्यूगोपर्यंत साडेतीनशेहून जास्त जाती. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून पितो. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून पितो आणि पिऊन झालं की चक्क मागे उडत जातो. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुन्हा चूक होत नाही.

पण मला आज पक्ष्याबद्दल कमी आणि बाटलीबद्दल जास्त बोलायचंय. अमेरिकेतल्या तुमच्या आत्येभावाच्या नाहीतर मामेबहिणीच्या घरामागे ती लाल झाकणाची साखरपाण्याची बाटली टांगलेली असते ना, ती. ती आली कुठून?

चला १८५१ च्या लंडनमध्ये. जॉन गूल्ड नावाचा गृहस्थ. सुरुवातीला मेलेल्या प्राण्या-पक्ष्यांत भुसा भरणारा कारागीर, नंतर मोठा पक्षीतज्ज्ञ. डार्विनने गॅलापागोसहून आणलेल्या फिंच पक्ष्यांचं महत्त्व आधी याच माणसाच्या लक्षात आलं होतं. तर या गूल्डला हमिंगबर्डचं वेड लागलेलं. त्या वर्षी रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात त्याने काचेच्या कपाटांत शेकडो हमिंगबर्ड मांडले. तिकीट सहा पेन्स. सुमारे ७५,००० लोक बघून गेले. खुद्द राणी व्हिक्टोरियासुद्धा आली. १८४९ ते १८६१ या काळात त्याने हमिंगबर्डवर पाच खंडांचा प्रचंड ग्रंथ काढला. त्यातल्या चित्रांत पिसांची झळाळी यावी म्हणून सोन्याचा वर्ख वापरला.

आता गंमत ऐका. गंमत म्हणण्यासारखी नाही खरं तर. प्रदर्शन भरवलं तेव्हा, आणि ग्रंथाचे कितीतरी भाग छापून झाले तेव्हाही, या माणसाने आयुष्यात एकही जिवंत हमिंगबर्ड पाहिलेला नव्हता. त्याच्याकडे यायची ती कातडी. जहाजातून, खोक्यात, कापूस भरून.

पहिला जिवंत हमिंगबर्ड त्याला दिसला मे १८५७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या बार्ट्रम बागेत. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. समोर काय आलं? अमेरिकेच्या पूर्व भागात सगळ्यात जास्त दिसणारा रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड, लाल गळ्याचा. तिथल्या पोराटोरांना रोज दिसणारा. कातड्यावरून त्याची कल्पना होती की हा पक्षी वेगळ्या तऱ्हेने उडत असणार. प्रत्यक्षात पंख दिसतच नव्हते, दिसत होता नुसता धूसर झोत.

मग त्याने काय केलं? पक्षी पकडले. पातळ जाळीदार कापडाच्या पिशवीत ठेवले आणि साखरपाण्याच्या छोट्या बाटलीतून पाजत पाजत रेल्वेने फिरला. पक्षी बाटलीतून मजेत प्यायचे. म्हणजे बघा, १८५७ मध्येच साखर होती, पाणी होतं, बाटली होती, पिणारा पक्षीही होता. जहाजाने इंग्लंडला नेताना मात्र ते मरत गेले. लंडनपर्यंत एकच पोहोचला. तो दोन दिवस जगला.

हा प्रसंग वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. गूल्ड दुष्ट नव्हता. त्याचं प्रेम खरंच होतं. पण प्रेम करायचं म्हणजे घरी घेऊन यायचं, एवढीच एक रीत त्याला माहीत होती.

तो काळच तसा होता म्हणा. लंडनमध्ये हमिंगबर्डच्या कातड्यांचे लिलाव व्हायचे. बायकांच्या टोप्यांवर अख्खे पक्षी लावायची फॅशन होती. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन नावाच्या तरुणाने न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत फिरून टोप्या मोजल्या. ७०० टोप्या पाहिल्या, त्यातल्या ५४२ वर पक्षी किंवा पक्ष्यांची पिसं. गर्दीत उभं राहून बायकांच्या डोक्यांकडे बघत वहीत नोंद करणारा हा माणूस लोकांना कसा वाटला असेल, देव जाणे! याच चॅपमनने १८९९ मध्ये 'बर्ड-लोअर' नावाचं मासिक सुरू केलं. भूमिका साधी: पक्षी मारू नका, बघा. त्याच सुमारास बोस्टनमध्ये बायकांनीच चहापानाला बोलावून एकमेकींना टोप्यांवरून पटवायला सुरुवात केली होती. पुढे १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांना मारण्यावर आणि विकण्यावर बंदी आणणारा कायदा आला.

आणि १९०० साली त्याच 'बर्ड-लोअर'मध्ये कॅरोलाइन सूल नावाच्या बाईंचा एक छोटा लेख आला. बाईंच्या दारात तुतारीसारख्या फुलांचा वेल. त्यावर हमिंगबर्ड यायचा. बाईंनी कागदाचं तसंच फूल केलं, जलरंगाने रंगवलं, आत एक छोटी बाटली बसवली, तिच्यात साखरपाणी भरलं आणि ते वेलाला बांधून टाकलं. पक्षी आला आणि प्यायला.

बास, एवढंच. गूल्डच्या बाटलीत आणि या बाटलीत फरक काय? पिशवी नाही. पक्षी येतो आणि निघून जातो. घरच्या बागेत फीडर लावायचा जो प्रकार आज आहे, त्याच्या अगदी सुरुवातीच्या छापील नोंदींतली ही एक. कुठल्या मोठ्या संस्थेची नाही, फावल्या वेळात कागदाचं फूल कातरणाऱ्या एका बाईची.

पुढची साखळी भराभर सांगतो. १९२८ मध्ये मार्गारेट बोडीन यांचा लेख 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये आला, काचेच्या बाटल्यांतून हमिंगबर्डना पाजण्याबद्दल. न्यू हॅम्पशरमधल्या मे रॉजर्स वेबस्टर यांच्या बागेत तर पक्षी त्यांच्या अंगाभोवती घिरट्या घालायचे. १९३६ मध्ये एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन गेले. फुटणाऱ्या दुधाच्या थेंबाचा तो प्रसिद्ध फोटो पाहिलाय ना? तेच हे. सेकंदाच्या एक लाखाव्या भागापुरता उजेड पाडणारा फ्लॅश आणि सेकंदाला ६० वेळा हलणारे पंख. गूल्डला जो धूसर झोत दिसला होता, त्यातलं एकेक पीस आता फोटोत मोजता येत होतं. तेही पक्ष्याला बोट न लावता. कारण पक्षी स्वतःहून बाटलीपाशी येऊन थांबत होता. वेबस्टर यांच्या घरच्या काचेच्या फीडरवरून बेतलेला फीडर १९५० च्या सुमारास बाजारात आला आणि मग तो घरोघरी पोहोचला.

आता थोडं कामाचं. परदेशातल्या भावंडांना फॉरवर्ड करा. चार वाट्या पाणी, एक वाटी साधी पांढरी साखर. हमिंगबर्डच्या आवडत्या फुलांतला मध साधारण तेवढाच गोड असतो. मधमाशीचा मध घालायचा नाही, त्यात बुरशी लवकर धरते. गूळही नको. "नैसर्गिक ते चांगलं" हा आपला आवडता नियम इथे लागू होत नाही. लाल रंग पाण्यात टाकायची काहीच गरज नाही, बाटलीचं झाकण लाल असलं की पुरे. आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बाटली घासून धुवायची. पाणी गढूळ झालेली बाटली टांगण्यापेक्षा न टांगलेली बरी. त्याहून चांगलं म्हणजे तिथल्या मातीतली लाल, नळीसारखी फुलं लावा.

आता तुम्ही म्हणाल, दादा, एका बाटलीने असा काय फरक पडतो? तर ॲनाज हमिंगबर्ड म्हणून एक जात आहे, वजन चारेक ग्रॅम. १८२९ मध्ये लेसाँ या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने तिला रिव्होलीच्या डचेस ॲना यांचं नाव दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात मुख्यतः बाहा कॅलिफोर्निया आणि दक्षिण कॅलिफोर्नियात घरटी करायची. मग लोकांनी हिवाळ्यात फुलणारी परदेशी झाडं लावली, निलगिरी वगैरे. त्यात बाटल्या आल्या. पक्षी वर सरकत सरकत ओरेगन, वॉशिंग्टन आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत गेला, आणि हिवाळ्यातही तिथेच राहू लागला. २०१७ मध्ये कॉर्नेलच्या अभ्यासकांनी घराघरांतल्या लोकांनी पाठवलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा या विस्ताराचा संबंध वाढत्या वस्तीशी आणि फीडरशी दिसून आला. म्हणजे लोकांनी पक्ष्याला घरी नेलं नाही, तरी त्याच्या घराचा नकाशा बदलला. हे चांगलं की वाईट? मला खरंच एका शब्दात सांगता येत नाही. मेलेल्या कातड्यांपेक्षा हजारपट बरं, एवढं मात्र नक्की. पण आता थंडीतसुद्धा तिथे राहणाऱ्या पक्ष्याची थोडी जबाबदारी बाटली टांगणाऱ्यावर येते, हेही तितकंच खरं.

माझी मामेबहीण सिॲटलला असते. जानेवारीत तिकडे रात्री पाणी गोठतं. ती झोपताना बाटली आत घेते आणि पहाटे अंधारातच, स्वेटरवर शाल गुंडाळून, परत बाहेर टांगते. कारण हमिंगबर्ड रात्रभर अंगाची ऊब उतरवून जवळजवळ निपचित पडलेला असतो आणि उजाडल्या उजाडल्या त्याला सगळ्यात आधी खायला लागतं. मागच्या आठवड्यात तिने व्हिडिओ पाठवला. अंधार, काहीच दिसत नाही, नुसता पंखांचा घुर्रर्र आवाज, आणि मागून मामीचा आवाज: "अगं, दार लाव, गारठा येतोय!"