रॉ स्कॅन (फिल्म स्कॅनर) : दोष व निदान

फिल्म स्कॅनरच्या संवेदकाने मोजलेली प्रकाशमूल्ये रंगदुरुस्ती, धूळसफाई किंवा निगेटिव्हचे पॉझिटिव्ह यांपैकी काहीही न करता ज्या फाइलीत उतरवली जातात, तिला रॉ स्कॅन म्हणतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या रॉ फाइलीशी तिचे नाव जुळते, पण घडण जुळत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेलवर एकच रंग मोजला जातो आणि उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलांवरून काढले जातात. फिल्म स्कॅनर प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग मोजतो. त्यामुळे रॉ स्कॅन बहुधा साध्या टिफ फाइलीतच ठेवतात. काही प्रोग्रॅम तो अडोबीच्या डीएनजी (२००४) स्वरूपातही देतात, पण आत तीच तीनरंगी माहिती असते.

रॉ स्कॅनसाठी मुख्यतः दोन प्रोग्रॅम वापरात आहेत : हॅमरिक सॉफ्टवेअरचा व्ह्यूस्कॅन (१९९८ पासून) आणि जर्मनीतील कील येथील लेझरसॉफ्ट इमेजिंगचा सिल्व्हरफास्ट. निकॉनचा निकॉन स्कॅन हा प्रोग्रॅम ४.०.३ या आवृत्तीवर थांबला. उपलब्ध माहितीचा मोठा भाग निकॉनच्या कूलस्कॅन यंत्रांविषयी असल्याने या नोंदीचा कलही तिकडेच आहे.

फाइल काळीकुट्ट दिसणे : सर्वांत जास्त तक्रारी याच दोषाच्या असतात आणि बहुतेक वेळा हा दोष नसतोच. संवेदक प्रकाश रेषीय पद्धतीने मोजतो, म्हणजे दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. संगणकाचा पडदा मात्र सुमारे २.२ गॅमा लावलेल्या, म्हणजे वक्र नियमाने उजळलेल्या, आकड्यांची अपेक्षा ठेवतो. प्रकाशाचा १८ टक्के भाग पार होऊ देणारा करडा ठिपका १६ बिटांच्या रेषीय फाइलीत ११,७९६ हा आकडा घेतो. तोच ठिपका गॅमा २.२ लावलेल्या फाइलीत सुमारे ३०,०६० वर असतो. पहिला आकडा दुसऱ्याच्या नियमाने वाचला गेला की चित्र अंधारात बुडते. (फोटोशॉपच्या माहितीपट्टीत आकडे तपासणाऱ्याने ध्यानात ठेवावे की, तो प्रोग्रॅम १६ बिटांची पट्टी ० ते ३२,७६८ अशी दाखवतो. तिथे हाच रेषीय ठिपका ५,८९८ दिसेल.)

उपाय दोन पायऱ्यांचा आहे आणि क्रम चुकवून चालत नाही. फाइलीला आधी गॅमा १.० असलेले रंगप्रोफाइल नेमून द्यायचे. याने आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ ठरतो. त्यानंतर नेहमीच्या प्रोफाइलमध्ये रूपांतर करायचे, तेव्हा आकडे बदलतात. अनेकजण पहिली पायरी गाळून ‘लेव्हल्स’ ओढून चित्र उजळतात. १६ बिटांत ते खपून जाते. पण त्याआधीच फाइल ८ बिटांत जतन झाली असेल, तर नुकसान भरून निघत नाही. फिल्मची घनता (ती किती प्रकाश अडवते याचे माप) २.० म्हणजे केवळ १ टक्का प्रकाश पार. त्याखालच्या साऱ्या सावल्यांना ८ बिटांच्या रेषीय फाइलीत ०, १ आणि २ या तीनच पायऱ्या मिळतात, तर १६ बिटांत साडेसहाशेच्या वर. स्लाइडमधील काळे केस किंवा दाट झाडी पट्ट्यापट्ट्यांची दिसू लागली, तर कारण इथे शोधावे.

उलटा दोषही आढळतो : चित्र दुधाळ, पाणी घातल्यासारखे दिसते. गॅमा एकदा लागलेल्या फाइलीला रेषीय समजून पुन्हा गॅमा लावल्याची ही खूण आहे. सिल्व्हरफास्टमध्ये रॉ फाइल (तिथे तिला एचडीआर म्हणतात) रेषीय ठेवावी की गॅमा लावून ठेवावी हे सेटिंगवर अवलंबून असते. ती फाइल पुढे उघडताना तेच सेटिंग पाळले गेले नाही, की हा घोटाळा होतो.

फाइल रेषीय आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवू नये, कारण कमी एक्सपोजरचा स्कॅनही काळाच दिसतो. खात्रीची चाचणी अशी : व्ह्यूस्कॅनमध्ये एक्सपोजर कुलूपबंद करून एकच फ्रेम दोनदा स्कॅन करावी, दुसऱ्या वेळी एक्सपोजर दुप्पट ठेवावे आणि एका मधल्या करड्या जागेचे आकडे दोन्ही फाइलींत वाचावेत. आकडा दुप्पट झाला तर फाइल रेषीय. सुमारे १.३७ पटच वाढला तर गॅमा २.२ लागलेला आहे. उजळ भाग शेवटच्या आकड्याला टेकलेला नसेल अशी जागा निवडावी, नाहीतर चाचणी फसते. पाच मिनिटांचे हे काम आहे. प्रस्तुत नोंदकाराच्या मते शंभर रोल स्कॅन करायला बसण्यापूर्वी ते न करणे म्हणजे शंभर रोल पुन्हा करण्याची तयारी.

नारिंगी छटा : रंगीत निगेटिव्हचा (सी-४१ प्रक्रिया, १९७२ पासून) पाया नारिंगी असतो. मॅजेंटा आणि सायन रंगद्रव्ये नको तो प्रकाशही शोषतात, त्याची भरपाई करण्यासाठी हा मुखवटा मुद्दाम घातलेला असतो. रॉ फाइलीत तो तसाच येतो आणि यायलाच हवा. खरी अडचण निळ्या चॅनेलची आहे. मुखवट्यातून निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या साधारण चौथा हिस्साच बाहेर पडतो. त्यामुळे तिन्ही रंगांना सारखे एक्सपोजर दिले, तर निळ्यात खरखर उतरते आणि पॉझिटिव्ह केल्यावर ती आकाशात, पांढऱ्या कपड्यांत पिवळट दाण्यांच्या रूपाने दिसते. कूलस्कॅनमध्ये प्रत्येक रंगाची एलईडी स्वतंत्र असल्याने प्रत्येकीला वेगळे एक्सपोजर देता येते. व्ह्यूस्कॅनमध्ये आधी रोलचा कोरा, पण डेव्हलप झालेला तुकडा स्कॅन करून एक्सपोजर आणि मग फिल्मच्या पायाचा रंग कुलूपबंद करतात. ही शिस्त पाळल्यास एका रोलच्या सगळ्या फ्रेमा एकाच मापाने येतात. न पाळल्यास प्रत्येक फ्रेमचा रंग स्वतंत्र भटकतो आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी येतो. पॉझिटिव्ह करण्याची कोणती पद्धत उत्तम याबद्दल जाणकारांत एकमत नाही.

अवरक्त चॅनेल : रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये अवरक्त प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात. म्हणून चौथ्यांदा अवरक्त प्रकाशात मोजलेल्या चित्रात प्रसंग दिसत नाही, फक्त घाण दिसते. तिचा नकाशा धरून सॉफ्टवेअर सफाई करते. टेक्सासमधील ऑस्टिन येथील अप्लाइड सायन्स फिक्शन या कंपनीने ही पद्धत डिजिटल आइस या नावाने रूढ केली. व्ह्यूस्कॅन आणि सिल्व्हरफास्ट यांच्या पद्धती स्वतंत्र आहेत.

रॉ स्कॅनमध्ये हा चॅनेल हरवण्याच्या वाटा अनेक आहेत. व्ह्यूस्कॅनमध्ये रॉ फाइलीचा प्रकार ४८ बिट निवडला तर फक्त तीन रंग जातात. अवरक्तासह हवे असेल तर ६४ बिट निवडावे लागते. ‘रॉ आउटपुट विथ’ या पर्यायात ‘स्कॅन’ निवडले, तर फाइल सफाईआधीची मिळते. ‘सेव्ह’ निवडले तर सफाई फाइलीतच मुरते. हा दुसरा पर्याय पुढे अन्य प्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्यांना सोयीचा आहे, पण मग सफाईची तीव्रता मागाहून बदलता येत नाही. ६४ बिटांची फाइल सामान्य चित्रप्रोग्रॅममध्ये उघडली, तर चौथा चॅनेल पारदर्शकतेचा समजला जाऊ शकतो. चित्र फिकट, मधूनच भोके पडल्यासारखे दिसते. फाइल बिघडलेली नसते. ती त्याच प्रोग्रॅममधून पुन्हा जतन केली, तर मात्र अवरक्त माहिती कायमची जाण्याचा धोका असतो. मूळ फाइल केवळ-वाचनीय करून ठेवावी, हे अनुभवाने पटलेले आहे.

काही यंत्रांत (उदा., प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८२००आय) अवरक्त मापन वेगळ्या फेरीत होते. दोन फेऱ्यांत स्कॅनरची सरकती गाडी केसभर हलली, तरी नकाशा आणि धूळ यांचा मेळ बसत नाही : प्रत्येक कणाच्या एका बाजूला पुसट डाग आणि दुसऱ्या बाजूला कणाची कोर शिल्लक राहते. दोनशे टक्के मोठे करून पाहिल्यास सगळ्या कोरा एकाच दिशेला दिसतात, हीच ओळख. सफाईची तीव्रता वाढवून हा दोष जात नाही, फ्रेम पुन्हा स्कॅन करावी.

कृष्णधवल फिल्मवर अवरक्त सफाई चालत नाही. तिचे चित्र धातुरूप चांदीचे असते आणि चांदी अवरक्तही अडवते, म्हणून सॉफ्टवेअर माणसांचे चेहरेच घाण समजून पुसू लागते. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कृष्णधवल फिल्मचे रोल महाराष्ट्रातील घरांत आणि स्टुडिओंत अजून सापडतात. त्यांचा रॉ स्कॅन १६ बिट ग्रे किंवा ४८ बिट ठेवावा आणि धूळ हातानेच काढावी. इलफर्ड एक्सपी२ ही फिल्म कृष्णधवल असूनही रंगद्रव्यांची, त्यामुळे अपवाद. कोडाक्रोम (१९३५–२००९) या स्लाइड फिल्मचे सायन रंगद्रव्य अवरक्त काही अंशी शोषते, त्यामुळे गडद भागांतील बारकावे खाल्ले जातात. निकॉनच्या कूलस्कॅन ९००० प्रतिमानात त्यासाठी खास सोय होती. कोकणपट्टीच्या दमट हवेत साठवलेल्या फिल्मवर बुरशी असते. तिने जिलेटिनचा थरच खाल्लेला असेल, तर कोणताही चॅनेल तिथले चित्र परत आणू शकत नाही.

पट्टे व रेघा : दोष फिल्मचा की यंत्राचा हे आधी ठरवावे. पट्टी १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करावी. रेघ चित्राबरोबर फिरली तर ती फिल्मवर आहे, जागच्या जागी राहिली तर यंत्रात. मध्यम आकाराच्या फिल्मसाठीच्या कूलस्कॅन ८००० मध्ये तीन रांगांचा संवेदक आहे आणि रांगांमधील किंचित फरकाने समांतर पट्टे उमटतात. एकच रांग वापरणारा ‘फाइन’ पर्याय निवडल्यास ते जातात, मात्र वेळ सुमारे तिप्पट लागतो.

फाइलीचा आकार : ३५ मिमी फ्रेम (२४ × ३६ मिमी) ४,००० डीपीआयला सुमारे ५,६६९ × ३,७८० पिक्सेलांची होते. ४८ बिटांत ती साधारण १२९ मेगाबाइट आणि अवरक्तासह ६४ बिटांत १७१ मेगाबाइट. स्कॅन मध्येच थांबणे, अर्धी फाइल मिळणे या तक्रारींत डिस्कवरील जागा आणि यूएसबी केबल आधी तपासावी. साध्या टिफची कमाल मर्यादा ४ गिगाबाइट आहे. एका फ्रेमसाठी ती पुरेशी आहे.

ड्रायव्हर : एका वेळी एकाच प्रोग्रॅमने स्कॅनर धरलेला असावा.

चलच्चित्रपटाच्या फिल्मसाठी वेगळी यंत्रे व वेगळी फाइलस्वरूपे वापरतात.