रेघ आणि कागद

स्टेफान झ्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाचे 'कालचे जग' हे आत्मकथन १९४२ साली, त्याच्या आत्महत्येनंतर, स्टॉकहोमला छापले गेले. त्यात असा एक तपशील येतो की, १९१४ पूर्वी आपण हिंदुस्थानचा आणि अमेरिकेचा प्रवास केला तो पारपत्राशिवाय. आणि हे ऐकून पुढच्या पिढीतील तरुण चकित होत. हा तपशील आपण बहुधा एका सुखवस्तू लेखकाचे स्मरणरंजन म्हणून वाचतो. आम्हीही तो बराच काळ तसाच वाचत होतो. परंतु झ्वाइग येथे भावनेत वाहून गेलेला नाही, तो प्रशासनाची एक साधी वस्तुस्थिती नोंदवतो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रेल्वेचे जाळे पसरल्यावर, पश्चिम युरोपातील बहुतेक देशांनी पारपत्राची सक्ती सोडून दिली होती. रशियाचे आणि ऑटोमन साम्राज्य हे ठळक अपवाद. अर्थात ही मोकळीक पहिल्या वर्गाच्या डब्यात अधिक जाणवत असणार. जिप्सींना आणि फिरस्त्या मजुरांना पोलिसांचा जाच तेव्हाही चुकला नव्हता. हे झ्वाइग सांगत नाही, ते आपण जोडून घ्यायचे.

पहिल्या महायुद्धात हेरांच्या आणि पळपुट्या सैनिकांच्या भीतीने सर्वत्र तपासणी सुरू झाली. ती तात्पुरती होती. युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला पारपत्रांविषयी एक परिषद भरवली. युद्धापूर्वीची मोकळीक केव्हातरी परत यावी अशी इच्छा या परिषदेने व्यक्त केली, आणि प्रत्यक्षात मात्र पारपत्राचा नमुना ठरवून दिला : बत्तीस पानांची पुस्तिका, जाड पुठ्ठ्याचे वेष्टन, दोन भाषा, त्यांपैकी एक फ्रेंच. जी गोष्ट नाहीशी व्हावी असे वाटत होते तिला परिषदेने आकार दिला, आणि आकार मिळालेल्या गोष्टी सहसा नाहीशा होत नाहीत. हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांस पारपत्राची सक्ती करणारा कायदाही याच १९२० सालचा.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बाल्टिक प्रदेशातील एका लहान गावाच्या मधोमध एक रेघ ओढली गेली. जर्मन भाषक त्या गावाला वाल्क म्हणत. रशियन साम्राज्य कोसळल्यावर एस्टोनिया आणि लाटविया ही दोन नवी राष्ट्रे जन्माला आली आणि दोघांनीही या गावावर हक्क सांगितला. रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन, त्यामुळे कोणीच मागे हटेना. शेवटी ब्रिटिश अधिकारी स्टीफन टॅलेंट्स याला लवाद नेमण्यात आले. त्याने गावाचा मोठा भाग एस्टोनियाला दिला, तो झाला वाल्गा. दक्षिणेकडचा लहान भाग लाटवियाला, तो झाला वाल्का. मधून एक ओढा वाहतो, पण रेघ सर्वत्र ओढ्यालाही धरून जात नाही. हाच टॅलेंट्स पुढे लंडनमध्ये साम्राज्याच्या मालाची प्रसिद्धी करणाऱ्या मंडळाचा सचिव झाला आणि त्याच्याच आश्रयाने जॉन ग्रिअर्सनने ब्रिटिश माहितीपटाची चळवळ उभी केली. माहितीपटाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने येते. वाल्क्याच्या रेघेचा उल्लेख तेथे क्वचितच सापडतो.

छोट्या राष्ट्रांची गोष्ट येथेच वेगळी पडते. मोठ्या देशात सरहद्द ही बहुतेकांच्या आयुष्यात कधीच न येणारी वस्तू असते. छोट्या देशात ती शेजारच्या गल्लीत असते. युद्धानंतरच्या तहांनी युरोपात अशी राष्ट्रे वाढवली, म्हणजेच सरहद्दीची एकूण लांबी वाढवली, आणि नेमक्या त्याच क्षणी त्या प्रत्येक सरहद्दीवर कागद मागण्याची प्रथा रूढ झाली. राष्ट्रांचा जन्म आणि नाक्यांचा जन्म असा एकाच वेळचा आहे.

या योगायोगाची सर्वांत निर्दय कादंबरी बी. ट्रावेन याने लिहिली. 'मृत्यूचे जहाज' ही जर्मन कादंबरी १९२६ साली बर्लिनला प्रसिद्ध झाली. तिचा नायक गेल्स हा अमेरिकन खलाशी. अँटवर्पला त्याचे जहाज त्याला मागे टाकून निघून जाते आणि त्याचे कागद जहाजावरच राहतात. बेल्जियमचे पोलीस त्याला तुरुंगात टाकीत नाहीत, कारण तुरुंगात ठेवले तर पोसावे लागेल. ते त्याला रात्री गुपचूप हॉलंडच्या हद्दीत सोडून येतात. हॉलंडमध्येही तेच. माणूस चेंडूसारखा टोलवला जातो, आणि टोलवणारे शिपाई मनाने वाईट नसतात, हे ट्रावेनचे खरे निरीक्षण. कादंबरीतील अमेरिकन वकिलाला समोर उभा असलेला माणूस दिसत असतो, पण तो जन्मला असल्याचा पुरावा दिसत नाही. वाचताना आपण हसतो, हे आपल्याला नंतर खटकते. ट्रावेन कोण होता, कोणत्या देशाचा, याविषयी अभ्यासकांचा वाद दीर्घकाळ चालला. या कादंबरीच्या लेखकाला ते शोभूनही दिसते.

ट्रावेनची कल्पना पुढे अनेक लेखकांच्या चरित्राचा भाग झाली. रशियन निर्वासितांसाठी १९२२ साली 'नान्सेन पारपत्र' निघाले, ते नाबोकोवने वर्षानुवर्षे बाळगले आणि त्या कागदाविषयीची कटुता आपल्या आठवणींत नोंदवली. ब्रेश्ट १९३३ पासून डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड अशा छोट्या देशांतून पुढे सरकत राहिला, आणि १९४१ मध्ये फिनलंडमधून रशियामार्गे अमेरिकेला गेला. त्याच्या 'निर्वासितांचे संवाद' या पुस्तकात दोन माणसे हेलसिंकीच्या स्टेशनातील उपाहारगृहात बसून बोलतात आणि पारपत्र हा त्यांच्या बोलण्याचा अगदी आरंभीचाच विषय असतो. या काळच्या साहित्यातील 'अस्तित्वाच्या' प्रश्नाची चर्चा आपण तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत करतो. त्यातला किती भाग वकिलातीच्या रांगेत सुचलेला आहे, याचा हिशेब समीक्षेने अजून मांडायचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुसण्याचे काम सुरू झाले, तेही छोट्यांनीच केले. उत्तरेकडील देशांनी १९५० च्या दशकात आपसांतील पारपत्र-तपासणी बंद केली. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी १९६० मध्ये तेच केले. (बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्यामध्ये बार्ले नावाचे एक गाव आहे; तेथे सरहद्द घराघरांतून जाते आणि पुढचे दार ज्या देशात, त्या देशाचे घर असा संकेत आहे.) मोठ्यांना जाग आली ती १९८४ मध्ये, नाक्यांवरील खोळंब्याला कंटाळलेल्या ट्रकचालकांनी रस्ते अडवले तेव्हा. त्या वर्षी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी आपसांत करार केला, आणि १४ जून १९८५ रोजी या दोघांनी व वरील तिघांनी मिळून लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यापाशी, मोझेल नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-अॅस्ट्रिड' या बोटीवर सह्या केल्या. तपासणी प्रत्यक्षात थांबली ती २६ मार्च १९९५ रोजी, सात देशांत. त्या सातांत पोर्तुगाल होता, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवू.

शेंगेनला सीमा पुसणारा करार म्हणण्याची रीत आहे. आम्हाला ती अपुरी वाटते. आतली तपासणी गेली त्या बदल्यात बाहेरची कडक झाली, सर्वांचा मिळून एक व्हिसा आला, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशेब आला, आणि नकोशा माणसांची नोंद ठेवणारी सामाईक संगणक-यंत्रणा आली. रेघ जमिनीवरून उचलली गेली आणि कागदावर ठेवली गेली. ज्याच्याजवळ योग्य कागद त्याला ती दिसतच नाही. ज्याच्याजवळ नाही त्याच्याबरोबर ती सगळीकडे फिरते.

वाल्गा-वाल्क्यात हे स्पष्ट दिसले. सोव्हिएत काळात ती रेघ केवळ प्रशासकीय होती आणि दोन्ही बाजूंचे जगणे एकमेकांत मिसळले होते. १९९१ मध्ये दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि गावात नाके परत आले. म्हणजे स्वातंत्र्य आले ते रस्त्यावरचा आडवा दांडा घेऊन. हा दांडा गेला २१ डिसेंबर २००७ रोजी, दोन्ही देश शेंगेनमध्ये गेल्यावर. परंतु सोव्हिएत काळात येऊन वसलेल्या रशियन भाषकांपैकी पुष्कळांना १९९१ नंतर कोणतेच नागरिकत्व आपोआप मिळाले नाही. एस्टोनियात त्यांच्या हाती करड्या रंगाचे परकीयाचे पारपत्र आले. ज्या घरात जन्म झाला त्याच घरात माणूस परका ठरला. नाका उठला तरी करडा रंग उठला नाही. आणि मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, नाकाही परतला. मे महिन्याच्या मध्यास तिन्ही बाल्टिक देशांनी एकमेकांना वाट मोकळी करून दिली तेव्हा तो पुन्हा उठला.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये, कारण या कागदाचे एक टोक तेरेखोल नदीवर आहे. १९६१ पर्यंत ही नदी म्हणजे भारत आणि पोर्तुगाल यांच्यामधील सरहद्द होती. १९५५ च्या सत्याग्रहावर गोळीबार झाल्यानंतर भारताने ती बंद केली, आणि सोयरिका नदीच्या दोन्ही बाजूंना अडकल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, रेघ गेली. पण पोर्तुगालच्या कायद्याने त्या तारखेपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनच्या नोंदवहीत नाव नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ते घेणाऱ्यास भारताचे सोडावे लागते, तरीही हजारो गोवेकरांनी ते घेतले आहे. कित्येक जण त्या पारपत्रावर इंग्लंडमध्ये स्विंडन शहरी जाऊन स्थायिक झाले, ब्रिटनचे दार या मार्गाला २०२० च्या अखेरीस बंद होईपर्यंत.

आता एकाच बोलीत बोलणारी दोन माणसे घेऊ : एक पेडण्याचा, आजोबांचा जन्मदाखला लिस्बनला पोचलेला, दुसरा पलीकडच्या सावंतवाडी तालुक्यातला. पहिला वाल्ग्यातून वाल्क्यात चालत जाईल तेव्हा त्याला कोणी काही विचारणार नाही. दुसऱ्याने त्याआधी बँकेचे उतारे, विमा, परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि नोकरीचा दाखला जोडून मुंबईत अर्ज भरलेला असेल, आणि २०१५ च्या अखेरीपासून दहा बोटांचे ठसेही दिलेले असतील. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरील सीमेवर शिक्क्याऐवजी परकीयांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. म्हणजे १९२० च्या पॅरिस परिषदेने ठरवलेल्या त्या बत्तीस पानांवर उठण्यासारखे आता फारसे काही उरणार नाही, आणि त्या दुसऱ्या माणसाजवळ आपण कोठे कोठे जाऊन आलो हे दाखवायला जांभळ्या शाईची एक तारीखही नसेल.