तीन अक्षरांची मालकी

नावाची अक्षरे एकमेकांत गुंफून केलेली खूण म्हणजे मोनोग्राम. आज ती रुमालावर हौसेने भरली जाते. परंतु तिच्या इतिहासात हौसेपेक्षा हक्काचाच भाग मोठा आहे.

फ्रँकांचा राजा शार्लमेन ह्याला उतारवयात खटपट करूनही लेखनकला साधली नाही. त्याच्या राजपत्रांवर ‘कारोलुस’ ह्या नावाची अक्षरे क्रुसाच्या आकारात मांडलेली असत. खूण लेखनिकाने काढावी व राजाने तीत एक रेघ ओढून ती पुरी करावी, असा प्रघात अभ्यासक मानतात. ती रेघ म्हणजे प्रत्यक्ष राजाचा हात होय.

आमच्याकडील राजमुद्राही व्यक्तीशी बांधलेली होती. नवा छत्रपती गादीवर आला की नवी मुद्रा होई. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही दुसरी मुद्रा उमटे. मजकूर येथे संपला, पुढे कोणी अक्षर घालू नये, असा तिचा अर्थ.

१६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने मात्र ही खूण व्यक्तीपासून तोडली. मोठा ‘व्ही’ आणि त्याच्या दोन बाहूंवर ‘ओ’ व ‘सी’, एवढीच तिची ओळख. तोफांवर, चिनी मातीच्या ताटांवर व १७२६ पासून तांब्याच्या नाण्यांवर ती झळकू लागली. ज्या कंपनीची वखार आमच्या वेंगुर्ल्यास होती, तीच ही. कोचीनला नेमणूक झालेल्या वाचकांनी तेथील १७४० सालचा दरवाजा पाहिला असेल. त्यावर ही अक्षरे अद्याप आहेत. कोचीन १७९५ मध्ये इंग्रजांकडे गेले, १७९९ अखेर कंपनीही संपली. तरी पुढे काही वर्षे जावामध्ये ह्याच खुणेची नाणी पडत राहिली.

ही चिरंजीविता निर्दोष नाही. १६२१ मध्ये जायफळाच्या मक्त्यासाठी बांदा बेटांवरील बहुतेक वस्ती कंपनीने नष्ट केली. हुकूम कोएन ह्या गव्हर्नर जनरलचा होता. पण जायफळ विकले गेले ते कंपनीच्या नावाने. जी खूण कोणा एकाची नसते, तिच्याखाली केलेले कृत्यही कोणाचेच नाही असे वाटू लागते. कचेरीच्या शिक्क्याखाली रोज सही करणाऱ्या आम्हां नोकरदारांनी शार्लमेनची ती एक रेघ स्मरावी. शिक्का कचेरीचा असला, तरी रेघ आपल्याच हाताची असते.