नाक दिसण्यासाठी की श्वासासाठी? पुण्याच्या कावसजीची गोष्ट

"डॉक्टर, श्वासासाठी ऑपरेशन करणारच आहात, तर नाकाचा बाकही काढता येईल का हो?"

हा प्रश्न बरेच रुग्ण तपासणी संपल्यावर, दाराशी थबकून, आवाज खाली आणून विचारतात. आपण दिसण्याबद्दल बोललो म्हणजे काही चूक केली, असे त्यांना वाटते. काही जण याच्या उलट सांगतात, "श्वासाचे राहू द्या, फक्त आकार नीट करा." दोघेही गृहीत धरतात की नाकाचे रूप आणि नाकाचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. त्यातला एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या पुण्याजवळच घडला आहे.

कावसजीचे नाक

अब्रू गेली की आपण 'नाक कापले गेले' म्हणतो. एके काळी हा नुसता वाक्प्रचार नव्हता. नाक कापणे ही खरोखरची शिक्षा होती आणि तो माणूस आयुष्यभर चारचौघांत तोंड दाखवायला कचरत असे.

कावसजी हा शेतकरी जातीतला मराठा. 1792 च्या युद्धात तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचे काम करत होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतला होता. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिची हकिगत कावसजीच्या चित्रासह छापून आली.

पद्धत अशी होती. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचे. तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण दोन भुवयांच्या मध्ये कातडीची एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. ती कातडी फिरवून खाली आणायची, नाकाच्या जुन्या कडा खरवडून ताज्या करायच्या आणि तिथे ती बसवायची. वरून पाण्यात भिजवलेला काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हा काथ म्हणजे आपल्या विड्यातलाच. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावायचे. मधली पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची.

ती पट्टी इतके दिवस का ठेवायची? कारण त्या वाटेनेच नव्या नाकाला रक्त मिळते. खालून नव्या रक्तवाहिन्या तयार होईपर्यंत ती कापली, तर कातडी काळी पडून मरते. अपघातानंतर किंवा कर्करोगाची गाठ काढल्यावर आजही कपाळाच्या त्वचेने नाक उभारतात, तेव्हा हा जोड साधारण तीन आठवडे ठेवावा लागतो.

दहाव्या दिवशीचे कापड

त्या हकिगतीत आणखी एक छोटा तपशील आहे. दहाव्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वळकट्या घालायच्या, म्हणजे त्या पुरेशा उघड्या राहतील.

जखम भरताना आकसते. आतून आधार नसला तर नवे नाक दिसायला उभे राहते, पण भोके बुजत जातात. त्या कारागिराला हे अनुभवाने ठाऊक होते.

सुश्रुतसंहितेतही हेच सापडते. तिथे कातडी गालाची घेतली आहे आणि माप झाडाच्या पानाने घ्यायला सांगितले आहे. नाक जोडताना आत दोन नळ्या बसवायच्या आहेत. नाक लहान राहिले तर वाढवावे आणि जास्त झालेले मांस समतल करावे, असेही पुढे म्हटले आहे. म्हणजे श्वास आणि रूप, दोन्हींचा विचार एकाच ठिकाणी.

दोन वाटा कशा झाल्या?

1794 ची ती हकिगत युरोपात पोहोचल्यावर जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला. मग 1814 मध्ये लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर भूल न देता ही शस्त्रक्रिया केली, कारण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायला अजून तीस वर्षे अवकाश होता. 1816 मध्ये त्याने आपल्या दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले.

पुढे वाटा फुटल्या. 1887 मध्ये अमेरिकेत जॉन रो यांनी चेहऱ्यावर छेद न देता नाकाच्या आतून आकार सुधारला. 1898 मध्ये बर्लिनमध्ये जॅक जोसेफ यांनी मोठ्या नाकामुळे लोकांत जायला लाजणाऱ्या माणसाचे नाक लहान केले. दुसरीकडे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीअर आणि किलियन यांनी श्वासासाठी नाकाचा वाकडा पडदा काढण्याची पद्धत रूढ केली.

दोन्हींकडे धडे मिळाले. पडदा जास्त काढला की काही रुग्णांचे नाक मधोमध बसू लागले, कारण तोच नाकाचा खांब होता. आकारासाठी हाड आणि कूर्चा, म्हणजे मऊ हाड, जास्त काढली की नाक सुबक दिसे, पण श्वास अडे. नाकपुडीच्या थोडे आत श्वासमार्गाची सर्वांत अरुंद जागा असते. ती किंचित आवळली तरी श्वास जड होतो. म्हणून कॉटल यांनी पडदा काढून टाकण्याऐवजी जपून सरळ करण्यावर भर दिला. 1984 मध्ये शीन यांनी या अरुंद जागेत कूर्चेच्या पातळ पट्ट्या बसवून ती रुंद ठेवण्याची पद्धत मांडली. पडदा आणि आकार एकाच वेळी सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेला आज सेप्टोऱ्हायनोप्लास्टी म्हणतात.

तुमच्यासाठी याचा अर्थ

दिसण्याबद्दल विचारायला लाजू नका. आणि फक्त आकारासाठी आला असाल, तरी सर्जनला हे तीन प्रश्न जरूर विचारा : माझा पडदा सरळ आहे का? हाड कमी केल्यावर आतली वाट अरुंद होईल का? तसे होऊ नये म्हणून तुम्ही काय करणार? ॲलर्जीमुळे नाक बंद राहत असेल, तर ते नुसत्या ऑपरेशनने बरे होत नाही. आधी ॲलर्जीवर उपचार हवेत.

त्या विटा पाडणाऱ्या माणसाचे नाव त्या लंडनच्या मासिकाने छापले नाही. पण कावसजीला चारचौघांत उभे राहता येईल असे नाक देताना त्याने दोन्ही नाकपुड्या उघड्या राहतील याचीही काळजी घेतली. आजच्या सर्जनकडूनही तुम्ही तेवढीच अपेक्षा ठेवा.